झटका तोच, उंदीर दोन

१९३६ च्या जुलै महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात एक पत्र छापून आलं, जेमतेम एका पानात मावलेलं. लिहिणारा हान्स सेली तेव्हा २९ वर्षांचा होता. जन्म व्हिएन्नाचा, नोकरी कॅनडात, माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात. त्याला खरं तर शोधायचं होतं एक नवं संप्रेरक. अंडाशयांचा अर्क काढून तो उंदरांना टोचायचा आणि नंतर त्यांचं विच्छेदन करायचा. आत दरवेळी तीन खुणा सापडत. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. सेली हरखून गेला. पण अर्क जितका अशुद्ध तितक्या खुणा जास्त ठळक, हे ध्यानात आलं तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने सरळ फॉर्मालिन टोचून पाहिलं. त्याच तीन खुणा, उलट अधिकच ठसठशीत. मग उंदरांना थंडीत ठेवलं, दमेस्तोवर श्रम करायला लावले, शस्त्रक्रियेची जखम केली, मॉर्फिन दिलं. आत चित्र तेच.

नवं संप्रेरक हातचं गेलं होतं. सेलीने मात्र त्या अपयशातूनच मोठा दावा उचलला: इजा कशानेही होवो, शरीराचं उत्तर एकच असतं. आधी धोक्याची घंटा, मग तग धरण्याचा काळ आणि इजा थांबलीच नाही तर शेवटी गलितगात्र होणं. आज आपण ताण म्हणतो त्या कल्पनेचा पाया या तीन पायऱ्यांत आहे. माझ्या मते सेली अर्धाच बरोबर होता. त्याने उंदराच्या पोटात बारकाईने पाहिलं, पण समोर काय चाललंय हे त्या उंदराला कसं दिसत असेल हा प्रश्न त्याच्या टेबलावर फारसा आलाच नाही. पुढची गोष्ट त्या प्रश्नाची आहे.

त्याआधी यंत्रणा थोडक्यात पाहू. पिंजऱ्यातल्या उंदराला मांजराचा वास आला, की काही सेकंदांत ॲड्रिनॅलिन रक्तात उतरतं. काळीज धडधडू लागतं, स्नायूंकडे रक्त धावतं. त्यामागून दुसरी, सावकाश येणारी लाट निघते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ‘सीआरएच’ नावाचं द्रव्य सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी ‘एसीटीएच’ सोडते आणि ते रक्तातून ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोहोचलं की तिथून कॉर्टिकोस्टेरॉन पाझरतं. माणसात हेच काम प्रामुख्याने कॉर्टिसॉल करतं. साखळीतलं पहिलं द्रव्य सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. असं काहीतरी असणार याचा पुरावा १९५५ च्या सुमारास मिळाला होता; पण अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या वायली व्हेल यांनी ते शुद्ध स्वरूपात हाती आणलं १९८१ मध्ये, आणि त्यासाठी जवळपास पाच लाख मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस खर्ची पडले.

कॉर्टिकोस्टेरॉन वाढायला काही मिनिटं लागतात आणि साधारण पंधरा ते तीस मिनिटांत ते कळस गाठतं. त्यामुळे प्रयोगशाळेत एक शिरस्ता पडून गेला आहे. शांत उंदराच्या रक्तातलं प्रमाण मोजायचं तर पिंजऱ्याला हात लावल्यापासून दोन-तीन मिनिटांच्या आत रक्ताचा नमुना घ्यायचा. त्याहून उशीर झाला, तर मोजमाप उंदराच्या रोजच्या स्थितीचं राहत नाही. आपण त्याला उचलल्याचं होतं.

हे संप्रेरक मेंदूत नेमकं कुठे जातं? १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन उंदरांना टोचलं आणि ते कुठे साठतं ते पाहिलं. ते सर्वाधिक साठलं हिप्पोकॅम्पसमध्ये. हा भाग स्मृतीचा, जागा आणि वाटा लक्षात ठेवणारा. ताणाच्या संप्रेरकाचा पत्ता आठवणींच्या घरचा निघावा, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे उलगडलं, की कॉर्टिकोस्टेरॉन पुरेसं वाढलंय याची खबर हिप्पोकॅम्पसला तिथल्या ग्राहकांमार्फत, म्हणजे संप्रेरक धरून घेणाऱ्या रेणूंमार्फत, लागते आणि तो हायपोथॅलॅमसला आवरायला सांगतो. दुधाला उकळी येताच गॅस बारीक करणारा हात म्हणजे हिप्पोकॅम्पस. तो हातच थकला तर काय होतं, ते पुढे येईलच.

आता सेलीने वगळलेला प्रश्न. त्याची सुरुवात एका चुकीच्या उत्तराने झाली. १९५८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या चार जोड्या बांधल्या. जोडीतल्या एका माकडाने वेळोवेळी कळ दाबली की दोघांचाही विजेचा झटका टळायचा. दुसऱ्याच्या हातातली कळ नुसतीच शोभेची. कळ दाबणाऱ्या ‘साहेब’ माकडांना व्रण झाले, दुसऱ्यांना झाले नाहीत. जबाबदारी माणसाला पोखरते हा निष्कर्ष वर्तमानपत्रांनी उचलून धरला. मोठ्या हुद्द्यावरच्यांना तो आवडला असणार यात नवल नाही; पोटदुखीलाही त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली. पण प्रयोगात एक खोट होती. साहेब कोण होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. कळ दाबण्यात जी माकडं आधीपासून तत्पर होती त्यांनाच ती जागा दिली गेली, म्हणजे मुळातच जी अधिक चटकन भडकणारी असावीत तीच.

ही खोट बाजूला काढली रॉकफेलरमधल्याच जे वाइस यांनी, १९७० च्या आसपास, आणि तेही उंदरांवर. मांडणी साधी होती. तीन उंदीर, तीन पेट्या, प्रत्येकापुढे एक चाक. कुणाला कुठली पेटी हे निव्वळ योगायोगावर. पहिल्या दोघांच्या शेपटीला लावलेले इलेक्ट्रोड एकाच तारेने जोडलेले, त्यामुळे जो प्रवाह एकातून जाई तोच, तितकाच, त्याच क्षणी दुसऱ्यातून जाई. तिसऱ्याला झटका नाहीच, तो तुलनेसाठी. पहिल्याने चाक फिरवलं की झटका दोघांचाही थांबायचा. दुसरा चाक कितीही फिरवो, काही फरक पडत नसे.

दोघांच्या शरीरातून गेलेली वीज तसूभरही वेगळी नव्हती. सेलीच्या हिशेबाने दोघांची पोटं सारखीच दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ज्याच्या चाकाला अर्थ होता त्या उंदराला व्रण कमी झाले आणि असहाय जोडीदाराला कितीतरी जास्त. वाइस यांनी मग चाक बाजूला ठेवून फक्त सूचना बदलली. एका उंदराला झटक्याआधी दरवेळी आवाज ऐकू येई. दुसऱ्यालाही आवाज येई, पण कधीही, झटक्याशी संबंध नसलेला. आवाज ज्याच्यासाठी विश्वासाचा होता त्याच्या पोटात व्रण नाममात्र. जेव्हा आवाज नाही, तेव्हा तरी त्याला निर्धास्त बसता येत होतं. दुसऱ्याला निर्धास्त असा क्षणच नव्हता.

वाइस यांचा आणखी एक प्रयोग मला या सगळ्यांत धारदार वाटतो, आणि त्याचा उल्लेख मात्र कमी होतो. चाक फिरवणाऱ्या उंदराला चाक फिरवतानाच एक छोटा झटका द्यायची व्यवस्था त्यांनी केली. म्हणजे सूत्रं त्याच्या हाती, पण योग्य कृती केली तरी फटका ठरलेला. या उंदरांना व्रण असहाय जोडीदारांपेक्षाही जास्त झाले. तेव्हा नुसतं नियंत्रण पुरत नाही. आपण केलं ते बरोबर होतं, संकट टळलं, अशी पावती मिळावी लागते. ब्रेडींची माकडं कळ दाबत होती, पण कळ दाबल्यावर पुढ्यात काहीच घडत नसे. झटका न बसणं हीच काय ती पावती.

हे सगळं पोटापुरतं नव्हतं. त्याच काळात वाइस यांनी मेंदूतलं नॉरॲड्रिनॅलिन मोजलं. हे जागरूकतेचं आणि उभारीचं रसायन. झटका टाळू शकणाऱ्या उंदरांच्या मेंदूत त्याची पातळी वाढलेली होती, असहाय उंदरांत ती घटलेली होती. बाहेरून आलेली इजा समान, आतली रसायनं उलट दिशांना.

असहायतेचं नाव निघालं की मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्याकडे वळावंच लागतं. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांवर त्यांनी दाखवलं, की न टाळता येणारे झटके सोसलेला प्राणी पुढे सुटकेची वाट समोर असूनही जागचा हलत नाही. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं: आपल्या हातात काही नाही हे प्राणी शिकतो आणि मग प्रयत्न सोडतो. मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं या कल्पनेने भरून गेली, नैराश्याच्या उपचारांवर तिचा ठसा उमटला. सेलिगमन माणसांकडे वळले. मायर कोलोरॅडो विद्यापीठात गेले आणि उंदरांच्या मेंदूत शिरले.

तिथे त्यांना काय सापडलं? मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचा पेशींचा पुंजका आहे. मेंदूतल्या सेरोटोनिनचा मोठा वाटा तिथून येतो. न टाळता येणाऱ्या झटक्यांनी हा पुंजका पेटून उठतो, सेरोटोनिनचा लोंढा सुटतो आणि त्यानंतर काही दिवस उंदीर बुजरा आणि निष्क्रिय राहतो. चाक फिरवू शकणाऱ्या उंदरात हा लोंढा आटोक्यात राहतो. सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन असं जे सरसकट सांगितलं जातं, त्याची इथेच पंचाईत होते. कुठे, कधी आणि कोणत्या ग्राहकावर, यावर त्याचा अर्थ ठरतो.

२००५ मध्ये मायर यांच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मधला भाग औषधाने तात्पुरता बधिर करून त्यांनी उंदरांना चाक दिलं. उंदीर चाक फिरवत होते, झटका थांबवत होते, नियंत्रण पूर्ण त्यांच्याकडे होतं. तरी नंतर ते असहाय उंदरांसारखेच वागले. पुढे उलटाही प्रयोग झाला. झटका टाळता येत नसताना हाच भाग औषधाने जागवला, तर उंदीर असे वागले की जणू सूत्रं त्यांच्याच हाती होती. याचा अर्थ राफेला नियंत्रणाचं काही कळत नाही. इजा लांबली की राफे पेटते. ‘हे आपल्याला थांबवता येतंय’ हे ओळखून तिला लगाम घालणारा भाग कपाळामागे आहे.

२०१६ मध्ये मायर आणि सेलिगमन यांनी एकत्र लिहून आपलाच सिद्धांत फिरवला. निष्क्रियता शिकलेली नसते, ती लांबलेल्या त्रासाला मेंदूने दिलेलं उपजत उत्तर असतं. शिकलं जातं ते नियंत्रण. आधी एकदा चाकाचा अनुभव घेतलेला उंदीर पुढे न टाळता येणाऱ्या झटक्यांनीही सहसा खचत नाही, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. अर्धशतक ज्या नावाने आपण ओळखले गेलो तेच नाव उलटं होतं असं छापील शब्दांत सांगणारे संशोधक विरळा.

इथवरचा ताण तासाभराचा. आठवडेच्या आठवडे चाललेल्या ताणाचं गणित वेगळं. मॅकइवेन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज सहा तास अरुंद नळीत अडकवून ठेवत, २१ दिवस. इजा नाही, फक्त हालचालीला मज्जाव. हिप्पोकॅम्पसमधल्या एका पट्ट्यातल्या चेतापेशींच्या फांद्या या काळात आखूड झाल्या. ओळखीच्या वाटा लक्षात ठेवण्यात उंदीर चुकू लागले. गॅस बारीक करणारा हात हाच, त्यामुळे तो दुबळा झाला की कॉर्टिकोस्टेरॉन उतरायलाही वेळ लागतो. सुदैवाने ताण थांबल्यावर या फांद्या पुन्हा वाढतात.

मेंदूच्या सगळ्याच भागांचं असं होतं का? हा प्रश्न बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, सुमंत्र चटर्जी यांनी विचारला. २००२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की रोज दोन तास, दहा दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पसच्या फांद्या आक्रसतात, तर भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालातल्या चेतापेशी मात्र उलट फोफावतात. चेतापेशींना पोसणारं ‘बीडीएनएफ’ नावाचं प्रथिनही हिप्पोकॅम्पसमध्ये घटतं आणि अमिग्डालात वाढतं. स्मृती रोडावते आणि भीती बाळसं धरते. शिवाय २१ दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस सावरतो, अमिग्डालातली वाढ मात्र टिकून राहते. त्यांचं आणखी एक निरीक्षण विलक्षण आहे. उंदराला फक्त एकदा, दोन तास जखडलं. दुसऱ्या दिवशी काही फरक नाही. दहा दिवसांनी मात्र अमिग्डालातल्या चेतापेशींवर नवे काटे उगवलेले दिसले, म्हणजे नव्या जोडण्यांच्या जागा, आणि तोवर उंदीरही भित्रा झालेला. भित्रेपणा मोजतात तो जमिनीपासून उंच, अधिकच्या चिन्हासारख्या चार बाहूंच्या फळीवर. दोन बाहूंना भिंती असतात, दोन उघडे. भ्यालेला उंदीर उघड्या बाहूंवर पाऊल टाकायला धजत नाही. आघातानंतर काही आठवड्यांनी माणसांत उफाळणाऱ्या लक्षणांचा अभ्यास करणाऱ्यांना हा दहा दिवसांचा उशीर महत्त्वाचा वाटतो, तो यामुळेच.

वागण्यातला बदल नेहमी भीतीचाच असतो असं नाही. पॉल विल्नर यांनी १९८७ मध्ये उंदरांना कसलाही मोठा धक्का न देता बारीकसारीक कटकटी दिल्या: ओला भुसा, कललेला पिंजरा, रात्रभर दिवा, अनोळखी सोबती. आज एक, उद्या दुसरी, नेम नाही. काही आठवड्यांत उंदरांनी साखरेच्या पाण्याकडे पाठ फिरवली. एरवी साधं पाणी आणि गोड पाणी शेजारी ठेवलं तर उंदीर गोडाकडेच जातो. नैराश्यावरचं औषध काही आठवडे दिल्यावर गोडी परत आली. २००९ मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांना वेगळंच दिसलं. दीर्घ ताणातले उंदीर पोट भरल्यावरही खाऊची कळ दाबतच राहिले. विचारपूर्वक निवड करणारे मेंदूतले भाग आक्रसले होते, सवयीचा भाग फुगला होता.

हे सगळं ज्ञान घाबरवलेल्या, कोंडलेल्या जिवांकडून आलंय, हे वाचताना टोचतं आणि टोचायला हवं. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात आणि संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाहीत. मंजुरीने प्रश्न मिटतो असं मला वाटत नाही, पण या प्रयोगांवर उभी असलेली औषधं घेणाऱ्यांना ते नाकारणंही सोपं नाही.

सगळे उंदीर एकाच पायावरून सुरुवात करत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवं. १९५७ मध्ये सीमोर लेव्हिन यांना आढळलं, की जन्मल्यापासून रोज काही मिनिटं आईपासून दूर घेऊन हाताळलेली पिल्लं मोठेपणी ताणाला जास्त समर्थपणे तोंड देतात. हे कोडं होतं. आईपासून तोडल्याने फायदा कसा? त्याचं उत्तर मायकल मीनी यांच्या प्रयोगांतून मिळालं. पिल्लू परत आलं की आई त्याला जास्त चाटते. काही माद्या मुळातच जास्त चाटणाऱ्या असतात, काही कमी. जास्त चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिकोस्टेरॉनचे ग्राहक जास्त, म्हणून त्यांचा ताण लवकर उतरतो. कमी चाटणाऱ्या मादीचं पिल्लू जास्त चाटणाऱ्या मादीकडे वाढवलं, तर ते पाळणाऱ्या आईच्या वळणावर जातं, आणि मादी असेल तर पुढे तीही आपल्या पिल्लांना तसंच चाटते. २००४ मध्ये या फरकाची रासायनिक खूण सापडली. ग्राहक घडवणाऱ्या जनुकाच्या कळीच्या जागी, कमी चाटलेल्या पिल्लांत मिथाइल गटांची झाकणं जास्त होती. जनुक तेच, पण दबलेलं.

आईपासून रोज काही तास ताटातूट झाली तर परिणाम उलट होतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने अशा पिल्लांचा पाठपुरावा केला. ती मोठेपणी चिंतातुर निघतात आणि त्यांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये सेरोटोनिनचा एक ठरावीक ग्राहक जास्त जोमाने काम करतो. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं, की ताटातुटीच्या त्या दिवसांत हा ग्राहक औषधाने रोखून धरला तर पुढची चिंता उद्भवतच नाही. पुन्हा सेरोटोनिन, आणि पुन्हा ‘कधी’ हाच प्रश्न.

उंदराकडून जे दिसतं त्याचा अर्थ लावताना मात्र आपण फार घाई करतो. रॉजर पोरसोल्ट यांची १९७७ ची पोहण्याची चाचणी हे त्याचं ठळक उदाहरण. उंच नळकांड्यातल्या पाण्यात उंदराला १५ मिनिटं सोडायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटं, आणि तो किती वेळ नुसता तरंगतो ते मोजायचं. तरंगणं म्हणजे हताशा असं मानून नैराश्यावरच्या असंख्य औषधांची चाळणी या नळकांड्यात झाली. पण काल इथून बाहेर काढलं गेलं होतं हे आठवणारा उंदीर आज शक्ती राखून तरंगत असेल, तर ती हताशा म्हणायची की शहाणपण? शिवाय औषधाचा परिणाम माणसात दिसायला आठवडे लागतात, या चाचणीत तो दिवसाभरात दिसतो. आक्षेप वाढले तसा या चाचणीवरचा विश्वास ओसरला.

बराच काळ प्रयोगांतले उंदीर बहुतेक नरच असत, ही दुसरी अडचण. ट्रेसी शोर्स यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की ज्या ताणानंतर नर एक साधा धडा लवकर शिकतात, त्याच ताणानंतर माद्या तो उशिरा शिकतात. निम्म्या प्रजातीवरून काढलेले निष्कर्ष आपण संपूर्ण प्रजातीचे म्हणून छापत होतो.

आणि २०१४ मध्ये जेफ्री मॉगिल यांच्या गटाने जे मांडलं त्याने अनेक प्रयोगशाळांत अस्वस्थता पसरली. खोलीत पुरुष संशोधक असेल तर मोठ्या आणि छोट्या जातींच्या उंदरांत वेदनेची लक्षणं कमी दिसत होती, स्त्री असेल तर तसं होत नव्हतं. पुरुषाची गरजही नव्हती, त्याने रात्रभर घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरे. दोष वासाचा होता. त्या वासाने उंदरांचं कॉर्टिकोस्टेरॉन चढत होतं आणि ताणच वेदना दडपत होता. तासाभरात उंदीर सरावले की परिणाम ओसरे. कुठल्या खोलीत, कुणाच्या हातून उंदीर हाताळले गेले हे आधीच्या बहुतेक निबंधांत नोंदलेलंच नव्हतं. मॉगिल यांच्या गटाची सूचना साधी होती: प्रयोगाच्या पद्धतीत उंदरांची जात, वय आणि वजन लिहिता, तसंच ते हाताळणारा माणूस स्त्री होता की पुरुष, हेही लिहा.